आकडा तीनशे सत्तेचाळीस

आमच्या घरात मी सांगितलेल्या प्रत्येक आकड्याला चारानं भागायची पद्धत आहे. मी म्हटलं, बाजारात दोनशे माणसं होती, की सून मनातल्या मनात पन्नास धरते. मुलगा तर तोंडावर विचारतो, "आई, म्हणजे दहा-बारा ना?" मला त्याचं काही वाटत नाही. न फुगवलेला फुगा कुणी विकत घेतं का? मग गोष्टीनं काय पाप केलंय?

पण एक गोष्ट मी जन्मात कधी फुगवलेली नाही, आणि नेमक्या तिच्यावरच कुणी विश्वास ठेवत नाही. ती अशी, की आमच्या ह्यांनी एकदा माझी माफी मागितली होती.

हा विषय निघाला एका रविवारी, जेवताना. सकाळी हे नातीच्या हेडफोनवर बसले होते. कडकन आवाज झाला. हे उठले, खालून तो प्रकार काढला आणि म्हणाले, "हे इथं कुणी ठेवलं?" झालं, तेवढंच. नात दुपारपर्यंत घुश्शात. शेवटी जेवताना म्हणाली, "आजोबा, नुसतं सॉरी म्हटलं असतं तरी चाललं असतं."

"वस्तू जागेवर ठेवावी," हे म्हणाले.

"आयुष्यात एकदा तरी म्हणालात का हो कुणाला?"

"मला म्हणालेत," मी म्हटलं. "एकदा. 'चुकलं माझं' म्हणून, स्वच्छ."

असे हसले सगळे की मुलाला ठसका लागला. सून म्हणाली, "आई, त्या दिवशी तुम्ही सांगितलेलं ना, तुमच्या शाळेत वाघ येऊन बाकावर बसला होता, ते मी एक वेळ मानीन." हे मान वर न करता म्हणाले, "असं काहीही घडलेलं नाही."

आता ह्यांचं सांगते. छत्तीस वर्षं वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरी. भल्याभल्या दुकानदारांचे काटे ह्यांनी खोटे ठरवले. त्यामुळे हे "नाही" म्हणाले, की घरात त्याच्यावर शिक्का बसतो. आणि मी "हो" म्हटलं, की भागाकार सुरू होतो.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. "पुरावा आहे माझ्याकडे. कॅसेट आहे. आकडा तीनशे सत्तेचाळीस."

"चारानं भागून?" मुलगा म्हणाला.

त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही. ह्यांनी मात्र पहिल्यांदा मान वर केली. "ठीक आहे. महिनाभरात ऐकव. नाही ऐकवता आलं, तर जेवताना तुझ्या गोष्टी बंद. कायमच्या."

जेवताना गोष्टी बंद म्हणजे माझं तोंड फक्त चावायला! पण सगळे बघत होते. मी म्हटलं, "मंजूर."

कॅसेटचं असं आहे. माझी थोरली बहीण लग्न करून दूर परदेशी गेली. फोन महाग, आणि पत्र लिहायचा मला कंटाळा. हात तोंडाच्या मानानं फार हळू चालतो. म्हणून आम्ही एकमेकींना कॅसेटवर बोलून पाठवायचो. एक बाजू तिची, एक माझी. असंच एकदा मी ताईशी बोलत बसले होते, मशीन चालू होतं, आणि हे खोलीत येऊन ते ऐतिहासिक वाक्य बोलून गेले. ती कॅसेट मी ताईला पाठवलीच नाही. असला दस्तऐवज कुणी घराबाहेर काढतं का? साड्यांच्या खाली, अडतीस वर्षं, आणि वर चिठ्ठी: तीनशे सत्तेचाळीस.

मशीन माळ्यावर होतं. मुलानं ते उतरवलं आणि "आई गं" म्हणून कंबर धरून बसला. आठ किलो. खरे आठ. नातीनं धूळ पुसली आणि तिचे डोळे असे मोठे झाले. तिनं कॅसेट डेक कधी पाहिलाच नव्हता. मी तिला एकेक दाखवायला लागले, नवी सून घर दाखवते तसं. समोर ॲल्युमिनियमची चकचकीत पाटी. दोन काचेच्या खिडक्या, त्यात दोन सुया, एक डाव्या कानाची, एक उजव्या कानाची. आवाज वाढला की सुया उजवीकडे झेपावतात. लाल रेघेत गेल्या की समजायचं, आपण ओरडतोय. ("तुझ्या वेळी तिकडेच असायच्या," हे पेपरामागून.) कॅसेटचं दार बटण दाबल्यावर धाडकन उघडत नाही. सावकाश, अदबीनं उघडतं, जुन्या काळच्या दरवानासारखं. खरखर गाळायचं वेगळं बटण. कॅसेट साधी आहे की भारीतली, हे मशीनला सांगायचं वेगळं बटण. दोन माइक लावायला दोन भोकं. आणि तीन आकड्यांचा तो छोटा मोजणारा, शून्य शून्य शून्यपासून सुरू होणारा. त्याच्यावरच तर माझी सगळी मदार.

"आजी, कसलं भारी आहे हे!" नात म्हणाली. हेडफोनचं दुःख तिथंच संपलं आणि ती माझ्या पक्षात आली.

प्लग लावला. सुयांच्या मागे पिवळा दिवा लागला. माझ्या डोळ्यात पाणी यायच्या बेतात होतं, तेवढ्यात लक्षात आलं, की कॅसेट हलत नाहीये. आत घरघर, बाहेर काही नाही. आमच्या मुलाची बारावीच्या परीक्षेची सकाळ आठवली मला.

मुलगा म्हणाला, "आई, दुकानात देऊन कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ. दोन दिवसांचं काम."

"म्हणजे तुझे बाबा म्हणणार, दुकानात बदललं. नाही. माझं मशीन, माझी कॅसेट, ह्यांच्याच घरात, ह्यांच्याच कानासमोर."

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या, ओल धरली असेल, तांदळात पुरून ठेवा. आठ किलोचं मशीन पुरायला केवढा तांदूळ लागेल, याचा त्यांनी विचार केला नव्हता; मी केला, आणि सोडून दिला. वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर साहेब स्वतः आले. हे साहेब पूल बांधायचे. त्यांनी मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "वरचं झाकण काढा. भार कुठे येतोय ते बघू."

झाकण काढलं. आत एक रबरी पट्टा असतो, मोटर त्याच्यावर कॅसेट फिरवते. तो पट्टा अडतीस वर्षांत वितळून त्याचं डांबर झालं होतं. साहेब म्हणाले, "हात लावू नका." आणि स्वतः लावला.

त्या डांबराचं काय सांगू! ते साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही, फक्त दुसऱ्या वस्तूला हात लावला की तिथं जातं. साहेबांनी बोट पुसलं टेबलाच्या कडेला. नातीनं टेबल पुसलं. तो फडका सुनेनं घेतला. तासाभरात डांबर फ्रिजच्या दांडीवर, दाराच्या कडीवर, दिव्यांच्या बटणांवर. संध्याकाळी हे फिरून आले आणि आरामखुर्चीत टेकले. उठले तेव्हा पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर पाच बोटं उमटली होती, अगदी कुणी शाबासकी दिल्यासारखी.

"हे इथं कुणी ठेवलं?" हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि नात मशीन सामानाच्या ढकलगाडीत घालून रेडिओवाल्यांकडे गेलो. रेडिओवाले म्हणजे ऐंशीच्या घरातले गृहस्थ, दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना श्वास आत घ्यावा लागतो. त्यांचे हात थरथरतात. मी मनात म्हटलं, गेलं मशीन. पण त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला मात्र, हात दगडासारखे स्थिर! पुन्हा खाली ठेवला, की थरथर चालू.

त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि हातच जोडले. "वहिनी, तीन हेड आहेत ह्याला. एक पुसणारं, एक लिहिणारं, एक वाचणारं. साध्या मशीनला दोनच असतात, बिचारं एकच डोकं लिहायचं नि वाचायचं दोन्ही करतं. हे विकू नका."

"विकायचं नाहीये. नवऱ्याला खोटं पाडायचंय."

"मग तर करायलाच पाहिजे," ते म्हणाले, आणि स्पिरिटमध्ये कापूस बुडवून कामाला लागले.

डांबर काढायला त्यांना तीन दिवस लागले. मोटरही पार झिजली होती, ती त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा मशीनची काढून बसवली. "ही जरा घाईची आहे," म्हणाले, "पण पुढे हे गोल बटण आहे ना, वेग कमी-जास्त करायचं, ते फिरवा, येईल वठणीवर." राहिला पट्टा. तो इथं मिळेना. नातीनं कुठून तरी शोधून, बाहेरच्या देशातून मागवला. महिन्यातले बारा दिवस गेले होते.

एकविसाव्या दिवशी चिठ्ठी आली: पार्सल आलंय, अडवून ठेवलंय, येऊन खुलासा करावा.

पार्सल ऑफिसात काचेमागे एक बाई होत्या. पाकीट त्यांच्यासमोर, माझ्या हाताच्या अंतरावर, आणि मध्ये काच.

"वस्तू काय आहे?"

"रबरी पट्टा. एवढासा."

"आमच्या यादीत रबर तीन प्रकारचं आहे. गाडीचं, दवाखान्याचं आणि खेळण्यांचं. ह्यातलं कुठलं?"

"कुठलंच नाही. कॅसेट डेकचं."

बाईंनी यादी उलटीसुलटी पाहिली. "मग यंत्राचा सुटा भाग. त्याला यंत्र असल्याचा पुरावा लागेल. यंत्र दाखवा, नाहीतर बिल."

मी यंत्र आणायचं ठरवलं. मी माघार घेणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी ढकलगाडी घेऊन हजर. तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, "यंत्र आत न्यायला परवानगी लागते."

"परवानगी कुठे मिळते?"

"आत."

"मग मी आत जाते, तुम्ही यंत्र सांभाळा."

"बेवारस सामान सांभाळायला मनाई आहे."

"अहो, ते बेवारस कसं? मी इथंच उभी आहे!"

"तुम्ही आत गेल्यावर होईल ना," तो शांतपणे म्हणाला.

मी त्या दारात दीड तास उभी होते. (घरी मी सहा तास सांगितले, म्हणजे भागून बरोबर तेवढेच येतात. आता मी हिशेबानंच सांगते.) शेवटी नातीनं मला समजावून घरी आणलं. आता उरलं बिल. आणि बिल या घरात एकाच माणसाकडे असतं.

ह्यांच्या कपाटात फायली आहेत. आमच्या पहिल्या बादलीचंही बिल आहे त्यात. मला ते ठाऊक होतं पहिल्यापासून. पण ज्याला खोटं पाडायचं त्याच्याकडेच पुरावा मागायचा? माझा मान आडवा येत होता. एक दिवस गेला, दोन गेले. पंचविसाव्या दिवशी जेवताना मी ताटाकडे बघत म्हटलं, "डेकचं बिल असेल का हो?"

हे उठले. दोन मिनिटांत पिवळा पडलेला कागद माझ्या ताटाशेजारी. मी हात पुढे केला, तर ह्यांनी त्यावर बोट ठेवलं. "बिल माझ्या नावावर आहे. मला यावं लागेल."

"तुम्ही? तुमच्याच विरुद्ध?"

"विरुद्ध-बिरुद्ध काही नाही. घडलंच नाही, तर सापडणार काय? पण तपासणी नियमानं व्हायला पाहिजे."

गेलो दोघं. ह्यांनी काचेमागच्या बाईंना बिल दाखवलं, मग त्यांच्याच टेबलावरचा वजनकाटा बघितला आणि म्हणाले, "हा काटा शून्यावर नाहीये. शेवटचा कधी तपासला?" बाईंचा चेहरा पडला. पाकीट चार मिनिटांत आमच्या हातात होतं, वर पाणी प्यायला दिलं. रस्त्यात मी ह्यांच्याकडे बघून हसले. हे म्हणाले, "हसू नकोस. अजून पाच दिवस आहेत."

तिसाव्या दिवशी, संध्याकाळी, बैठकीत कोर्ट भरलं. मुलगा, सून, नात. इंजिनिअर साहेब न बोलावता आले, शिवणकामवाल्या बाई शिलाईचं काम घेऊनच आल्या. रेडिओवाले मशीनशेजारी, स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून, कारण त्याशिवाय चहाचा कप धरवत नव्हता. हे खुर्चीत, पेपर उघडून. मी कॅसेट घातली, दार अदबीनं मिटलं, आणि बटण दाबलं.

सुया नाचल्या! आणि आतून उंदरासारखा आवाज आला, चीं चीं चीं, भयंकर घाईत.

"ही कोण?" मुलगा म्हणाला.

"मी!"

"गोल बटण, वहिनी, गोल बटण," रेडिओवाले ओरडले. मी फिरवलं. उंदीर जरा मोठा झाला. आणखी फिरवलं, शाळकरी मुलगी झाली. आणखी थोडं, आणि एकदम, अहो, मीच! तिशीतली मी! असा ठणठणीत आवाज, की सून माझ्याकडे वळून बघायला लागली, हा कुठून आला म्हणून.

पण मी एक गोष्ट विसरले होते. तीनशे सत्तेचाळीसपर्यंत पोचायचं, तर आधीचं ऐकावं लागतं. पुढे पळवायचं बटण दाबलं, तर रेडिओवाल्यांनी माझा हात धरला, "नवा पट्टा आहे, लगेच पळवू नका." मग काय, ताईला मी जे जे सांगितलं होतं ते सगळं भर बैठकीत वाजायला लागलं. माझ्या आवाजानं ताईला सांगितलं, की आमचा मुलगा वर्गात पहिला आला आणि हेडमास्तर स्वतः घरापर्यंत सोडायला आले.

"आई! मी गणितात नापास झालो होतो! मास्तर तक्रार घेऊन आले होते!"

"घरापर्यंत आलेच होते ना?" मी म्हटलं.

पुढे ताईला कळलं, की आमच्या गच्चीवरून समुद्र दिसतो. इंजिनिअर साहेब खिडकीशी जाऊन बघून आले. मी घामाघूम. मोजणारा एकेक आकडा असा सरकत होता, की मुद्दाम करतोय. तीनशे दहा. तीनशे तीस. पेपरामागे हालचाल नाही. तीनशे चाळीस. तीनशे पंचेचाळीसला टेपमध्ये दाराची कडी वाजली.

आणि एक खोल, जड आवाज आला: "ऐकलंस का? बरं. चुकलं माझं."

काय कल्लोळ झाला! नात सोफ्यावर उभी राहिली. सून म्हणाली, "बाबा! तुमचाच आवाज!" मुलानं मला मिठी मारली, साहेबांनी टाळ्या वाजवल्या, रेडिओवाल्यांच्या कपातला चहा सांडला. अडतीस वर्षं मला खोटारडी म्हणणारं सगळं घर माझ्या पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. पेपर हळूहळू खाली आला. ह्यांचा चेहरा असा, की स्वतःचाच काटा खोटा निघालाय. मग नातीकडे वळले आणि घसा साफ करून म्हणाले, "त्या दिवशी... हेडफोन. बसायच्या आधी बघायला हवं होतं मी."

"म्हणजे सॉरी?" नात म्हणाली.

"म्हणजे तेच."

मी इतकी फुलून गेले होते, अभिनंदनं घेत होते, की मशीन बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. कल्लोळ ओसरला तेव्हा माझा तिशीतला आवाज बोलत होता, आणि हळू, जवळ जवळ कुजबुजत.

"अहो, नका ना असं तोंड पाडू. तुमचं काही चुकलं नाही. चष्मा तुम्ही हरवलाच नव्हता. मीच रद्दीत घालून देऊन टाकला. कळलं मला परवाच. पण तोवर तीन दिवस तुम्हाला वेंधळे म्हणून झालं होतं, आता कुठल्या तोंडानं सांगणार? माझंच चुकलं हो. सगळं माझंच."

मी उठले. तीन पावलांवर मशीन. पण मध्ये मुलगा, सून आणि सोफ्यावरून उतरलेली नात, भिंतीसारखी.

"आजी, थांब. अजून बोलतेयस तू."

बोलतच होते. टेपमध्ये दार मिटलं, हे खोलीबाहेर गेले असावेत, आणि माझा आवाज एकदम टवटवीत झाला: "ताई, ऐकलंस ना? ह्यांनी माफी मागितली! आकडा लिहून ठेवते. आता ह्याच्या पुढचं मी पुसून टाकणार आहे, म्हणजे तेवढीच राहील."

खोलीत फक्त सुया हलत होत्या. हे उठले, मशीनजवळ आले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून आकडा वाचला. खिशातून पेन काढून तो पेपरच्या कडेला लिहून घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"पुसायचं राहिलं वाटतं."